शिकागोच्या पाच वर्षं आधी

सोनिवलीहून बदलापूर स्टेशन गाठायचं, लोकल पकडायची आणि कानात एकच अल्बम: चरणजित सिंग यांचा 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. साल १९८२, मुंबई. हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणाऱ्या या वादकाने रोलँडची तीन यंत्रं एकत्र जोडली. ज्युपिटर-८ वर राग, टीआर-८०८ वर ठेका, टीबी-३०३ वर बास. तोडी, यमन, मालकंस अशा दहा रागांची एलपी एचएमव्हीने काढली. ती फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली.

१९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्याच ३०३ वर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' केलं. अ‍ॅसिड हाउसची सुरुवात तिथून मानतात. २०१० मध्ये सिंग यांची एलपी पुन्हा निघाली तेव्हा परदेशी समीक्षक चाट पडले: हे तर मुंबईत आधीच झालंय!

मला हे कौतुक अर्धवट वाटतं. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. शिकागोला त्यात अ‍ॅसिड सापडलं. मला सिंग यांच्या रेकॉर्डवर मींड ऐकू येते. त्यांना काही नवा प्रकार शोधायचा नव्हता, राग वाजवायचा होता.

२०१५ मध्ये ते गेले. त्यांच्या कामाची दखल घ्यायला आपल्याला बाहेरचा शिक्का लागला, हे मात्र खुपतं.