घशातले जंतू आणि हृदयाची झडप

घसा धरला, की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात आणि विसरून जावे, ही आपली रीत. पुष्कळदा ती चालूनही जाते. पण स्ट्रेप्टोकॉकसची गोष्ट वेगळी. माळेतल्या मण्यांसारख्या दिसणाऱ्या या जंतूंना व्हिएन्नाचे शस्त्रवैद्य बिलरोथ यांनी १८७४ साली हे नाव दिले. त्यांच्याशी आपले शरीर कसे झुंजते, हे कळायला मात्र पुढची शंभर वर्षे लागली.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, हे मेचनिकॉफ यांनी १८८०च्या दशकातच दाखवले होते. मग हे जंतू का गिळले जात नाहीत? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रिबेका लान्सफील्ड या बाईंनी १९२०च्या दशकात त्याचा छडा लावला. जंतूच्या अंगावर 'एम' नावाचे प्रथिन असते. ते असले, की पांढऱ्या पेशीची पकड बसत नाही, जणू अंगाला तेल चोपडलेला चोरच! शरीर मग त्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे तयार करते, आणि ती चिकटली की पेशीला घास घेता येतो. ही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकतात, हेही बाईंनीच पुढे, १९५९ साली दाखवले. मग तेच पोर पुन्हा पुन्हा का आजारी पडते? कारण 'एम'चे प्रकार आज दोनशेहून अधिक ठाऊक आहेत, आणि एकावरची प्रतिपिंडे दुसऱ्यावर बहुधा चालत नाहीत.

इथवर सारे समजण्यासारखे आहे. पण घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे लोटतात, पोर खेळू लागते, आणि एकाएकी ताप येतो, सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा बिघडतात. हा संधिवातज्वर. गंमत म्हणा की दुर्दैव, त्या हृदयात जंतू सापडतच नाहीत! १९६०च्या दशकात अमेरिकेत मेल्विन कॅप्लन यांनी दाखवले, की जंतूंविरुद्धची काही प्रतिपिंडे हृदयाच्या ऊतींनाही चिकटतात. चोराचे वर्णन घरच्याच माणसाशी जुळावे, तसा हा प्रकार.

म्हणूनच लशीचे घोडे अडले. प्रयोगादाखल लस टोचलेल्या काही मुलांना संधिवातज्वर झाल्याचे १९६९ साली प्रसिद्ध झाले. १९७९ साली अमेरिकेने अशा लशींवर निर्बंध घातला, तो पाव शतकाहून अधिक काळ टिकला. सर्रास वापरता येईल अशी लस आजही नाही.

उपाय सापडला तो दुसऱ्याच वाटेने. वायोमिंगमधल्या लष्करी तळावर घसा धरलेल्या सैनिकांना वेळेवर पेनिसिलीन दिले, तर पुढचा संधिवातज्वर बहुतांशी टळतो, हे १९५० साली सिद्ध झाले. ज्यांना तो एकदा होऊन गेला, त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनची सुई घ्यावी लागते, तीही कित्येक वर्षे. आपल्याकडे अशी मुले आजही आहेत.