बंधारा सापडला, बंधाऱ्याचं काय?

आज इतिहासच आहे, पण टर्मिनलमधून. काळी स्क्रीन कधी उघडली नसेल तरी चालेल, ऐकत राहा.

मी राहते जळगावला, पण आमचं मूळ गाव साक्रीकडचं, पांझरेच्या काठी. आप्पांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, तीन वह्या काकांनी कधीकाळी टाइप करून ठेवल्यात. त्यात फड पद्धतीबद्दल काही आहे का, ते मला बघायचं होतं. फड म्हणजे काय? नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या. खालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाण्याची पाळी गावानेच सांभाळायची. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षं हे चाललं.

मी ग्रेपला 'बंधारा' दिलं. दोन ओळी आल्या. 'बंधाऱ्या' दिलं, शून्य. 'चाऱ्या', शून्य. आणि मी शहाणी, लगेच आत्याला फोन करून सांगितलं की आप्पांनी पाण्याबद्दल फारसं लिहिलेलंच नाही. ती म्हणाली, "आप्पानी लिखेल शे. नीट देख."

गंमत बघा, ग्रेपचा जन्मच इतिहासाच्या एका प्रश्नातून झालाय. १९७३ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये ली मॅकमहन यांना 'फेडरलिस्ट पेपर्स' तपासायचे होते. १७८७-८८ मधले हे ८५ लेख टोपणनावाने छापलेले, त्यातल्या काहींचा लेखक कोण यावर वाद. 'एड' नावाच्या एडिटरमध्ये एवढा मजकूर मावेना, म्हणून केन थॉम्पसन यांनी त्यातला शोधायचा भाग वेगळा काढला. तोच ग्रेप. पण ती इंग्रजी. तिथे शब्दाचं रूप आपल्याइतकं बदलत नाही. आपल्याकडे 'बंधारा'ला 'चं' लागलं की मधला 'रा'च गायब!

ठीक, पण 'बंधाऱ्या'लाही शून्य का? शेवटी फाइलचे बाइट उघडून बघितले. माझा फोन 'ऱ्या' लिहिताना ऱ हे वेगळं अक्षर वापरतो, युनिकोडमध्ये ०९३१. काकांच्या जुन्या कीबोर्डने साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारा जोडक घातलेला. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे. ग्रेप मात्र बाइट बघतो, आकार नाही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवलं तरी हे दोन प्रकार एक होत नाहीत, तेही करून पाहिलं.

मग नुसतं 'बंधा' शोधलं. धो धो ओळी! अर्ध्या 'संबंधाने'च्या. शेवटी दोन्ही 'ऱ्या' चालतील असा पॅटर्न लिहिला. बंधाऱ्याच्या एकोणीस ओळी निघाल्या. 'चाऱ्या'त बैलांच्या चाऱ्याची गाडी आली, एक 'बिचाऱ्या'ही आला, पण पाण्याच्या चाऱ्याही आल्या.

(जुनी कागदपत्रं चाळणाऱ्यांनो, 'धुळे जिल्हा' शोधून काही मिळालं नाही तर 'पश्चिम खानदेश' टाका. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आजची नावं महाराष्ट्र झाल्यानंतरची.)

तिसऱ्या वहीत आप्पांनी लिहिलंय की चाऱ्या साफ करायला घरटी एक माणूस जायचा, आणि एका वर्षी आमच्या घरातून कुणीच गेलं नाही. का, ते लिहिलेलं नाही. आत्याला परत फोन लावला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "ये घरी, सांगते."