पोथीचे दोन शत्रु : तेल व पाणी

तेल व पाणी यांपासून ग्रंथ रक्षावा, अशी विनवणी लेखनिक पोथीच्या शेवटीं पुष्कळदां करीत. हे दोन्ही शत्रु भिन्नस्वभावी आहेत. पाण्याचा रेणु सुमारें १०४.५ अंशांत वांकलेला असून त्याच्या ऑक्सिजनकडे ऋण व हायड्रोजनकडे धन विद्युद्भार झुकतो, म्हणून तो ध्रुवीय. तेलाचा रेणु बहुतांशीं अध्रुवीय. सजातीय सजातीयांत विरघळतें. काजळी व बाभळीचा डिंक यांच्या जुन्या शाईंतील काजळी पाण्यांत विरघळत नाहीं. परंतु तिला कागदास धरून ठेवणारा डिंक ध्रुवीय असल्यानें विरघळतो, आणि अक्षर पसरतें. तेलाचा डाग मात्र पाण्यानें जात नाहीं. सबब तो काढण्यासाठीं पोथीस ओलें फडकें लावूं नये, अशी संग्राहकांस आमची विनंती आहे. डागांतून अक्षर वाचतां येतें. गेलेलें अक्षर परत येत नाहीं.