ठेंगणी मोटारसायकल व वळणातील मोकळीक : अमेरिकन क्रूझरच्या इतिहासातील एक प्रश्न

यंत्रांचा इतिहास लिहिताना, प्रत्येक नवी रचना जुन्या रचनेतील उणीव दूर करण्यासाठी अवतरते आणि ती दूर होताच जुनी रचना आपोआप मागे पडते, असे गृहीत धरण्याची प्रथा आहे. अमेरिकन क्रूझर मोटारसायकलीचा इतिहास या गृहीतात नीटसा बसत नाही. ठेंगणे आसन, लांब सांगाडा आणि मागील चाकाची अल्प हालचाल ही तिची लक्षणे होत. तीव्र वळणावर या वाहनाचे फुटबोर्ड अथवा सायलेन्सर रस्त्यास घासतो, हे चालवणाऱ्यांस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ही उणीव अज्ञानामुळे राहिली की हेतुपुरस्सर राखली गेली, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. दुचाकी वळते ती कलूनच. तिच्या कलाच्या कोनाची स्पर्शज्या वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि वळणाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. टायरची रुंदी तूर्त बाजूस ठेवली, तर ५० मीटर त्रिज्येचे वळण ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने घेण्यास ३० अंशांचा कल लागतो. वेग ७३ वर नेल्यास तोच कल ४० अंशांचा होतो. आता फुटबोर्डाची बाहेरील कड मध्यरेषेपासून ४० सेंटीमीटर अंतरावर व जमिनीपासून २५ सेंटीमीटर उंचीवर आहे असे समजू. ती ३२ अंशांच्या कलास रस्त्यास टेकेल. परंतु वळणात स्प्रिंगांवरील भार वाढतो. ३० अंशांच्या कलास तो सरळ मार्गावरील भाराच्या सुमारे साडेपंधरा टक्क्यांनी अधिक असतो. या भाराने वाहन ३ सेंटीमीटर खाली बसले, तर कलाची मर्यादा २९ अंशांच्याही आत येते. म्हणजे मऊ स्प्रिंग, ठेंगणे आसन आणि वळणातील मोकळीक ही तिन्ही एकाच वेळी पुरतेपणी साधत नाहीत. क्रूझरचा सारा इतिहास या त्रिकोणात घडलेला आहे.

आरंभीच्या मोटारसायकलीत मागील चाक सांगाड्यास ताठ जोडलेले असे व धक्क्यांचा भार आसनाखालील स्प्रिंगांवर पडे. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९४९ च्या ‘हायड्रा-ग्लाइड’ला तेलाने आंदोलन शमवणारा दुर्बिणी फोर्क दिला, परंतु तिच्या मोठ्या गाड्यांच्या मागील चाकास स्प्रिंगा मिळाल्या त्या १९५८ च्या ‘ड्युओ-ग्लाइड’मध्ये. ज्ञानाच्या अभावाने हा विलंब झाला, असे म्हणता येत नाही. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्येच तेलाचा दुर्बिणी फोर्क बाजारात आणला होता. त्याच वर्षी आइल ऑफ मॅन येथील सीनियर टीटी शर्यत स्टॅन्ली वुड्स याने मागील चाकास स्प्रिंगा असलेल्या मोटो गुझीवर जिंकली. १९५० मध्ये बेलफास्टच्या मॅक्कॅन्डलेस बंधूंनी रचलेल्या ‘फेदरबेड’ सांगाड्याच्या नॉर्टनने त्याच बेटावर यश मिळवले. किंबहुना हार्लेनेही ब्रिटिश गाड्यांशी स्पर्धा करण्याकरिता १९५२ साली काढलेल्या लहान ‘मॉडेल के’ला मागे स्विंग-आर्म, म्हणजे एका टोकावर वरखाली फिरणारा चाकाचा भुज, दिला होता. सारांश, विद्या घरात होती. मोठ्या गाडीच्या गिऱ्हाइकास तिची निकड भासत नव्हती. अमेरिकेतील लांब, सरळ रस्त्यांवर कलाचा प्रश्न क्वचितच उद्भवे.

पुढे एक चमत्कारिक उलट गती दिसून येते. मागील चाकास स्प्रिंगा मिळाल्या, त्याच सुमारास हौशी मंडळी जुन्या ताठ सांगाड्याकडे वळू लागली. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटातील लांब फोर्कच्या गाड्यांचे मागील चाक ताठच होते. या अभिरुचीची दखल विली जी. डेव्हिडसन यांच्या १९७१ च्या ‘सुपर ग्लाइड’ व १९७७ च्या ‘लो रायडर’ या रचनांत घेतली गेली. दुसरीच्या नावातच ठेंगणेपणाची जाहिरात आहे.

या वादाचा खरा निकाल दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन सांगाड्यांत सापडतो. १९८२ च्या ‘एफएक्सआर’मध्ये अभियंत्यांनी सांगाडा अधिक दृढ केला, इंजिन रबराच्या आधारांवर बसवले आणि कलण्यास अधिक जागा मिळावी म्हणून त्याची उंचीही वाढवली. या कामात एरिक ब्यूएल या तरुण अभियंत्याचा सहभाग होता. वळणाच्या दृष्टीने पाहता या गाडीने जुन्या रचनेस मागे टाकावयास हवे होते. प्रत्यक्षात १९८४ साली त्याच कंपनीने ‘सॉफ्टेल’ आणली. मिसूरी राज्यातील बिल डेव्हिस या अभियंत्याच्या कल्पनेवर ती आधारलेली होती. तिचे शॉक अॅब्सॉर्बर गिअरपेटीखाली आडवे दडवलेले असत आणि चाक वर जाताना ते दाबले न जाता ताणले जात. तिचा मागील त्रिकोणी भुज दुरून पाहणाऱ्यास १९५८ पूर्वीचा ताठ सांगाडाच वाटे. येथे अभियांत्रिकी पराभूत झाली नाही. ती स्मृतीच्या सेवेस लागली. ‘एफएक्सआर’ची नियमित निर्मिती दशकभरानंतर थांबली; ‘सॉफ्टेल’ टिकली.

तथापि गणित पुसले गेले नव्हते. २०१८ च्या मालिकेत कंपनीने ‘सॉफ्टेल’चा सांगाडा नव्याने रचला, आसनाखाली एकच शॉक अॅब्सॉर्बर बसवला आणि कलाची मर्यादा वाढवली, मागील चाकाचा जुना आभास मात्र तसाच ठेवला. याहून बोलका पुरावा शर्यतीच्या मैदानावरचा आहे. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील लागुना सेका येथे सामानपेट्यांच्या अवजड क्रूझरांची ‘किंग ऑफ द बॅगर्स’ ही शर्यत झाली व ती टायलर ओहारा याने इंडियन चॅलेंजरवर जिंकली. त्यासाठी गाड्यांस उंच सस्पेन्शन बसवून, फुटबोर्ड काढून, वर व मागे नेलेले फूटरेस्ट द्यावे लागले. शर्यतीत घड्याळ निर्णायक ठरताच ठेंगणेपणाचा प्रथम त्याग झाला, हे येथे लक्षणीय आहे.

आपल्या गाडीत सुधारणा करू पाहणाऱ्या चालकापुढेही हाच हिशेब उभा राहतो. स्प्रिंगेवरील पूर्वदाब वाढवल्याने गाडी थोडी वर बसते, पण स्प्रिंग ताठ होत नाही. चालकाच्या वजनास साजेल अशी स्प्रिंग निराळीच घ्यावी लागते. मागील शॉक अॅब्सॉर्बर लांब घेऊन वरील उदाहरणातील कड अडीच सेंटीमीटरने उचलल्यास मर्यादा ३२ वरून साडेचौतीस अंशांवर जाते. परंतु पुढील बाजू न उचलल्यास फोर्क अधिक उभा होऊन सरळ मार्गावरील स्थैर्य उणावते. उलट गाडी ठेंगणी करण्यासाठी आखूड शॉक अॅब्सॉर्बर बसवणारा मनुष्य मोकळीक आणि चाकाची हालचाल दोन्ही गमावतो. बिजागरीचे फुटबोर्ड घासले असता वर दुमडते व चालकास सावध करते. सांगाडा किंवा सायलेन्सर टेकल्यास मात्र चाकावरील भार त्यावर जाऊन टायरची पकड सुटू शकते. पुण्याच्या बजाज ऑटोने २००५ साली बाजारात आणलेल्या ‘अॅव्हेंजर’चा आराखडाही ठेंगणे आसन व पुढे नेलेले फूटरेस्ट असाच होता, सह्याद्रीच्या घाटातील अवघड वळणांवर अशा वाहनाच्या चालकास हे भान विशेष ठेवावे लागते.

यावरून ठेंगणेपणास दोष देणे उचित ठरणार नाही. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीस टेकण्याची सोय कमी उंचीच्या चालकास मोठा विश्वास देते. क्रूझरच्या इतिहासात उपाय फार पूर्वी उपलब्ध होता, आणि तरीही उणीव जाणीवपूर्वक जपली गेली, एवढाच निष्कर्ष येथे काढावयाचा आहे. म्हणून यंत्रांच्या इतिहासकाराने अमुक शोध केव्हा लागला हे पाहून थांबू नये. तो कोणी, कशासाठी व किती काळ नाकारला, हेही त्याने तपासले पाहिजे.