टीव्ही ट्यूनर कार्ड : ग्रहण व रेकॉर्डिंगमधील दोष (शीव कोळीवाडा परिसर)

टीव्ही ट्यूनर कार्ड : अँटेना किंवा केबलचा संकेत घेऊन घरच्या संगणकावर चित्र दाखवणारे व साठवणारे कार्ड. ब्रूकट्री बीटी८७८ आणि फिलिप्स एसएए७१३४ या चिपांची कार्डे विशेष प्रचलित होती. मुंबईतील प्रमुख बाजार लॅमिंग्टन रोड.

ग्रहण (अनुरूप म्हणजे अ‍ॅनालॉग प्रक्षेपणाच्या काळातील) : मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच आहे. शीव कोळीवाडा (गुरू तेगबहादूर नगर स्थानकाचा परिसर) तेथून ईशान्येस अवघ्या पाच-सहा किलोमीटरवर येतो. इतक्या जवळ संकेत सहसा दुबळा नसतो, त्यामुळे मुंग्यांपेक्षा (चित्रावरील ठिपक्यांपेक्षा) सावल्यांची तपासणी आधी करावी. इमारतींवरून परतलेली लहर उशिरा पोचते व मूळ चित्राच्या उजवीकडे दुसरे चित्र उमटते. चाळीस सेंटिमीटर रुंद पडद्यावर ही सावली एक सेंटिमीटर सरकलेली असेल, तर परतलेल्या लहरीचा मार्ग सुमारे चारशे मीटर जास्त आहे असे समजावे. अँटेना नैर्ऋत्येकडे धरून थोडी थोडी फिरवणे हाच खरा उपाय. सावली डावीकडे असेल तर दोष वायरीत : केबलवाला दूरदर्शन त्याच चॅनलवर देत असे तेव्हा सुमार आवरणाच्या वायरीत हवेतला संकेत शिरे आणि केबलच्या आधी पोचे. संकेत वाढवणाऱ्या बूस्टरच्या उपयोगाबद्दल तंत्रज्ञांत एकमत नाही. जवळच्या मनोऱ्यासाठी तो बहुधा टाळतात. दोन वाटांचा स्प्लिटर निम्म्याहून अधिक शक्ती खातो, म्हणून तीच वायर आधी थेट टीव्हीला लावून पाहावी. टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसले तर कार्डाकडे वळावे.

जुळणी : भारतातील अनुरूप प्रक्षेपणाची पद्धत पॅल-बी, ६२५ रेषा. प्रणालीत देश चुकीचा निवडला तर चॅनल सापडत नाहीत किंवा चित्र येते पण आवाज येत नाही. येथे चित्र व ध्वनीच्या वाहकांतील अंतर ५.५ मेगाहर्ट्झ आहे. ‘अँटेना’ऐवजी ‘केबल’ निवडल्याशिवाय मधल्या पट्ट्यातील केबल चॅनल लागत नसत.

रेकॉर्डिंग : ७२० × ५७६ आकाराचे, न दाबलेले चित्र सेकंदाला सुमारे २१ मेगाबाइट जागा घेते; म्हणजे मिनिटाला सव्वा गिगाबाइट. डिस्क डीएमए (थेट स्मृतीशी देवाणघेवाण) सोडून पीआयओ (प्रोसेसरमार्फत देवाणघेवाण) पद्धतीत गेली की फ्रेम गळतात. फॅट३२ विभागात फाइल चार गिगाबाइटला अडते, म्हणजे साडेतीन मिनिटांतच. मोठ्या रेकॉर्डिंगमध्ये ओठ आणि आवाज यांची फारकत होते, कारण ध्वनिकार्ड व चित्रकार्ड यांची घड्याळे वेगळी असतात. ट्यूनर कार्डावरच ध्वनीचे अंकीकरण केल्यास हा दोष कमी होतो.

अंकीकरणानंतर : मुंबईत केबलचे सक्तीचे अंकीकरण ३१ ऑक्टोबर २०१२ पासून. तेव्हापासून केबलसाठी जुने कार्ड सेटटॉप बॉक्सच्या कंपोझिट किंवा एस-व्हिडिओ जोडणीवरच चालते व चॅनल बॉक्सवरूनच बदलावा लागतो.

डीव्हीबी-टी२ (हवेतून येणारे अंकीय प्रक्षेपण) : जुनी अनुरूप कार्डे ते घेऊ शकत नाहीत.