परकीय साहाय्य आणि आपली आरोग्ययंत्रणा

शुक्रवार पेठ, सोलापूर : एका देशाने दुसऱ्या देशाच्या आरोग्यसेवेस हातभार लावावा, ही कल्पना सोलापूरकरांना नवी नाही. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला साहाय्य करण्यासाठी सन १९३८ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्याच, शिवाय तेथील तरुणांना वैद्यकीय शिक्षणही दिले. सन १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. परंतु त्यांनी शिकविलेले हात मागे राहिले. परकीय साहाय्याचे मोल ठरविताना हीच कसोटी लावावी, असे आम्हांस वाटते : देणारा गेल्यावर मागे काय उरते?

साहाय्याचे प्रकार

आरोग्यासाठीचे परकीय साहाय्य मुख्यतः चार प्रकारचे असते : अनुदान, सवलतीचे कर्ज, औषधे व उपकरणे, आणि तज्ज्ञांचे मार्गदर्शन. अनुदान परत करावे लागत नाही; कर्ज मात्र फेडावे लागते. जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रात १९९९ ते २००५ या काळात राबविलेला आरोग्ययंत्रणा विकास प्रकल्प कर्जाच्या प्रकारातला होता. जिल्हा, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांची सुधारणा हा त्याचा हेतू होता.

क्षयरोगाचे उदाहरण

सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाला आणि मार्च २००६ पर्यंत संपूर्ण देशात पोहोचला. जागतिक बँक, ब्रिटन, डेन्मार्क, अमेरिका व ग्लोबल फंड यांनी त्यास साहाय्य केले. यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, थुंकी तपासणीची केंद्रे वेगळी न थाटता बहुतांशी शासकीय दवाखान्यांतच उभारण्यात आली. साधारणतः एक लाख लोकसंख्येमागे एक, तर आदिवासी व डोंगराळ भागात पन्नास हजारांमागे एक केंद्र असावे, असे सूत्र होते. त्यामुळे सूक्ष्मदर्शक व प्रशिक्षित तंत्रज्ञ शासकीय यंत्रणेचाच भाग झाले. आज विडी वळणाऱ्या वा यंत्रमागावर राबणाऱ्या कुटुंबातील रुग्णाला शासकीय केंद्रात क्षयाची औषधे विनामूल्य मिळतात. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये दिले जात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली.

धोक्याची बाजू

प्रत्येक साहाय्य असे रुजतेच असे नाही. देणाऱ्याने एकच रोग निवडला की त्याच्यासाठी स्वतंत्र कर्मचारी, स्वतंत्र वाहने, स्वतंत्र नोंदवह्या येतात आणि शेजारचा प्रसूती विभाग मात्र उपेक्षित राहतो. प्रकल्पाची मुदत संपली की कंत्राटी कर्मचारी घरी जातात. म्हणूनच २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात देणगीदार देशांनी, साहाय्य त्या त्या देशाच्या धोरणानुसार व त्याच्याच यंत्रणेमार्फत देण्याचे मान्य केले. तरीही २०२५ मध्ये अमेरिकेने आपली यूएसएड ही साहाय्य संस्था गुंडाळली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक देशांत एचआयव्हीबाधितांच्या सेवा विस्कळीत झाल्या. औषधात खंड पडला की त्याची किंमत रुग्णाला प्रकृतीने मोजावी लागते.

कोणते प्रश्न विचारावेत?

कोणताही साहाय्य प्रकल्प आला की तीन प्रश्न अवश्य विचारावेत. येथील माणसे त्यातून प्रशिक्षित होणार काय? मुदत संपल्यावर वेतन व औषधे यांचा खर्च शासकीय अंदाजपत्रकात समाविष्ट होणार काय? जमाखर्च लोकांसमोर मांडला जाणार काय? परदेशी देणगीवर चालणाऱ्या धर्मादाय दवाखान्यांनीही, आमच्या संस्थांसह, हेच प्रश्न स्वतःस विचारावयास हवेत.

साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. मात्र ते ओसरल्यावरही दवाखान्याचे दार उघडे राहील आणि आत औषध मिळेल, याची तजवीज पहिल्या दिवसापासूनच करावयास हवी.