रांजणगावची लिनिया, न्हावऱ्याचं गॅरेज

शिरूर-चौफुला रस्त्यावर, न्हावऱ्याजवळ आमचं गॅरेज. पुढं भीमा ओलांडली की दौंड तालुका. या पट्ट्यात इंजिनाचा जोर वाढवायची विद्या जुनीच आहे, फक्त ती मोटारींसाठी नव्हती. १९४६मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली आणि ती इंजिनं विहिरींवर, दौंडकडच्या गुऱ्हाळांवर येऊन बसली. चरकात ऊस जास्त पडला की इंजिन दम टाकायचं. मग गव्हर्नरची स्प्रिंग ताणायची. पुढं कारखान्यांचे ट्रक आले, तेव्हा तोच उद्योग मायकोच्या डिझेल इंजेक्शन पंपावर. डिलिव्हरी थोडी वाढवली की गाडी काळा धूर ओकायची, पण भरल्या उसासकट चढ चढायची. गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला : "मिस्त्री, खेच मिळंल ना?" पळंल किती, हे कुणी विचारत नव्हतं.

माझे वस्ताद दौंडचे. १८७८मध्ये दौंड-मनमाड लाइन सुरू झाली आणि दौंड रेल्वेचं गाव झालं. वस्तादांचे वडील लोको शेडमध्ये फिटर होते, त्यामुळे मापाचा धाक घरातूनच आलेला. आवाज ऐकून दोष सांगणाऱ्या मिस्त्रींचं आपल्याकडे फार कौतुक. वस्ताद म्हणायचे, कान गिऱ्हाइकाला दाखवायला, आपल्याला फिलर गेज.

कुर्ल्याच्या प्रीमियरची पद्मिनी आमच्याकडे यायची ती व्हॉल्व्ह घासायला. १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचे शौक मुंबईकरांचे; इथं पद्मिनी लग्नात नवरदेवाला मिरवून आली तरी पुष्कळ.

मग अष्टविनायकातल्या महागणपतीच्या रांजणगावात, एमआयडीसीत फियाट आली. टाटांशी भागीदारी झाली आणि २००९च्या जानेवारीत तिथली लिनिया बाजारात उतरली. २०१०मध्ये तिचीच टी-जेट : १३६८ सीसी, टर्बो, ११४ हॉर्सपॉवर. आमच्या भागानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ज्याच्याकडं पैसा होता त्यानं बोलेरो घेतली. टी-जेट आमच्यापर्यंत पोचली ती सेकंडहँड होऊन, स्पेअरच्या भीतीनं भाव उतरल्यावर.

मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यती बंद केल्या. शर्यतींचे घाट ओस पडले. बारी मारायचा नाद असलेली काही पोरं त्यानंतर टी-जेटकडं वळली, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. पण "पळंल किती?" हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो याच पोरांच्या तोंडून.

त्यातल्याच एकानं चेपलेली टी-जेट आणली. नगर रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रेलरला मागून धडकलेली. ट्रेलरला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. तशी ती भंगाराच्या भावात त्याला मिळाली होती.

त्याला आधी इंजिन खोलायचं होतं. मी आधी ओळंबा काढला, गवंड्याचा असतो तोच. चासीच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक भोकांतून तो सोडायचा, टोक टेकेल तिथं फरशीवर खडूची खूण करायची आणि टेपनं दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले पाहिजेत. इथं अठरा मिलिमीटरचा फरक निघाला. बॉनेट, बंपर नवे टाकून, पुट्टी-रंग मारून अशी गाडी चकाचक दिसते आणि शंभरच्या पुढं स्टिअरिंग एका बाजूला ओढते. साखळ्या लावून ती आधी खेचून सरळ केली.

रेडिएटर फुटल्यावरही इंजिन चालू राहिलं होतं. टी-जेटचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापलं की आधी हेड वाकतं. पट्टी ठेवून खाली गेज सरकवला तर मधल्या दोन सिलिंडरांमध्ये तो आरामात गेला. हेड घासून घेतलं, रिंगा बदलल्या. टर्बोचा दांडा बोटांनी मागं-पुढं हलवून पाहिला. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी वस्तू. तिथं मागं-पुढं जरा जरी खेळ असला तरी टर्बो बाद. तो शाबूत होता. मग इंजिन बांधलं.

जोर वाढवायचं काम मात्र माझ्या हातचं नव्हतं. पुण्याहून एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला आणि चहा निवायच्या आत इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या फाइलमधलं बूस्ट, इंधन, टायमिंग सगळं बदलून मोकळा. मी एकच अट घातली : १४५च्या वर जायचं नाही. कारण २०१५मध्ये रांजणगावातच बनलेल्या अबार्थ पुंटोत हेच इंजिन कंपनीनं १४५ हॉर्सपॉवरला बसवलं होतं. शिवाय जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई केलीय. म्हणून रस्त्यासाठी मूळ फाइल परत चढवली. वाढीव फाइल फक्त ट्रॅकसाठी.

एप्रिल २०२०ला बीएस-६ लागू झालं, त्याआधीच लिनिया संपली होती. आता रांजणगावातून कंपास आणि नेक्सॉन निघतात. कारखाना माझ्यापासून वीसेक किलोमीटरवर, आणि या लिनियाचा इंटरकूलरचा पाइप आम्ही मागवला तुर्कस्तानातून. तिथंही ही गाडी बनायची.

डिसेंबर २०२१मध्ये बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, २०२३मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. टी-जेटवाल्याला आता खिल्लार खोंड घ्यायचाय. परवा तो गाडीची किंमत काढायला आला होता. मी सांगितली. खोंड तिच्यापेक्षा महाग निघाला.